बैलाचा रवंथ थांबला की कळतं, मग आपलं पोट का कळत नाही?

गेल्या खरिपातली गोष्ट. सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसतोय असा निरोप आला म्हणून सकाळीच एका गावाला गेलो. शेतावर पोहोचलो तर भुंगा राहिला बाजूला. काका गोठ्यात बैलापाशी बसलेले. "साहेब, काल सांजपासून ह्यो रवंथ करीना. पोटात काहीतरी बिघडलंय त्याच्या."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन झाला होता. ओला चारा बंद करून झाला होता. डाव्या कुशीवर मूठ दाबून पोट फुगलंय का तेही बघून झालं होतं. एका रात्रीत एवढं सगळं.

बोलता बोलता काकांनी खिशातून गोळी काढली आणि पाण्याशिवायच तोंडात टाकली. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, जळजळीची हाय. आठ महिने झाले, रोज लागती." कधी जळजळ, कधी मुरडा, कधी दिवसातून पाच वेळा जावं लागतं, तर कधी तीन-तीन दिवस पोट साफ नाही. दवाखान्यात गेला होतात का? "एकदा गेलो. दुर्बिणीनं बघितलं, रक्त तपासलं. म्हणले, काही नाही. घरी आल्यावर पोरगा म्हणाला, काहीच नाही तर मग कण्हता कशाला? तवापासून कुणाला सांगत नाही."

थोडं थांबून ते पुढं म्हणाले, "लग्नाला जात नाही. यष्टीत बसायची भीती वाटती. रात्री दोनला उठून बसतो. सोसायटीचं कर्ज, सोयाबीनचा भाव आणि हे पोट. कशानं काय दुखतंय तेच कळंना. कधीकधी वाटतं, पुरे झालं."

बैलासाठी रात्रभर जागणारा माणूस स्वतःसाठी आठ महिन्यांत एकदाच दवाखान्यात गेला होता. हा लेख त्या काकांसाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

मीही यातलाच

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेऊन गावोगाव फिरणारा खात्यातला माणूस आहे. पण पोटाच्या या दुखण्याचा मी सहा वर्षांचा जुना गिऱ्हाईक आहे. एका पावसाळ्यात पीक कापणी प्रयोगासाठी गेलो असताना कुठलं तरी पाणी प्यालो आणि आठवडाभर जुलाब झाले. जुलाब थांबले, पण पोट काही पूर्वीसारखं झालं नाही. तालुक्याला आढावा बैठक असली की सकाळपासून पोटात कळ. कुठल्याही गावात गेलो की आधी नजर शोधायची ती शौचालय. एकदा भर बैठकीतून दोनदा उठावं लागलं तेव्हा मागून कुणीतरी हसलं. ते हसणं मी वर्षभर विसरलो नाही. पुढच्या बैठकीच्या आदल्या रात्री जेवणच सोडून दिलं.

खूप उशिरा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितलं, पुढं मीही वाचत गेलो. त्यातलं जे खात्रीचं आहे तेवढंच इथं सांगतो.

आपली भाषा शहाणी आहे

वाईट बातमी ऐकली की 'पोटात गोळा आला' म्हणतो. पोरगं उशिरापर्यंत घरी आलं नाही की 'पोटात कालवाकालव' होते. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवलं नाही की 'पोटशूळ' उठतो. दुःखात 'अन्न गोड लागत नाही'. मनाचं आणि पोटाचं नातं आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांना हे नातं डोळ्यांनी दिसलं ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका मजुराला जवळून बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण पोटाला एक भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्या भोकातून जठराचं काम कित्येक वर्षं पाहिलं आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हा माणूस चिडला की त्याच्या जठराचं अस्तर आणि पचनाचा रस बदलतो, ही त्यातली एक नोंद होती.

अन्ननलिकेपासून खालपर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची एक मोठी नस जाते. तिच्यातल्या बहुतेक तारा पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात, थोड्या तारा वरून खाली. म्हणजे फोन दोन्हीकडून लागतो. मन बिघडलं की पोट बिघडतं, आणि पोट महिनोन्महिने बिघडलेलं राहिलं की मनही खचतं. पोटानं काळजी वाढते, काळजीनं पोट दुखतं. मोटेच्या बैलासारखं तेच तेच चालू राहतं.

'काही नाही' म्हणजे काय?

काकांना जे झालं आहे त्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. आठवड्यातून एखादा दिवस तरी पोट दुखणं, ते दुखणं शौचाशी जोडलेलं असणं, शौचाची वेळ किंवा घट्ट-पातळपणा बदलणं आणि हे महिनोन्महिने चालणं, अशी त्याची ओळख. दुर्बिणीत आतडं ठणठणीत दिसतं. बिघाड असतो तो त्याच्या वागण्यात.

विहिरीवरची मोटार उघडून पाहावी तर वाइंडिंग शाबूत, बेअरिंग शाबूत, पण व्होल्टेज वरखाली होत असेल तर मोटार गुरगुरणारच. वाइंडिंग जळालेलं नाही म्हणून मोटार सोंग करतेय असं आपण म्हणतो का? आतड्याचंही तसंच. तपासणीत 'काही नाही' याचा अर्थ जखम नाही, गाठ नाही. ही आनंदाची बातमी आहे, कारण आयबीएसमुळे कर्करोग होत नाही. पण दुखणं खरं आहे. घरच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

माझ्यासारखं जुलाबाच्या साथीनंतर सुरू झालेलं दुखणंही पुष्कळ जणांना होतं. जंतूंमुळे पोट बिघडलेल्या साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएसचा त्रास राहतो. म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती, पावसाळ्यात टीसीएल पावडर आणि रोजची ओटी चाचणी ही रजिस्टर भरण्यापुरती ठेवू नका. एका साथीचा त्रास काही जणांच्या पोटात वर्षानुवर्षं राहतो.

दोन उलट्या चुका

पहिली चूक, 'सगळं टेन्शननं होतंय' म्हणून तपासणीच न करणं. एके काळी डॉक्टरही पोटातल्या व्रणाचा, म्हणजे अल्सरचा, दोष काळजीवर आणि तिखटावर टाकत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला एक जंतू शोधला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज तपासणीत हा जंतू सापडला आणि डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स पुरा केला तर अनेकांचा अल्सर कायमचा जातो. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर जंतू राहतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. किडीचं होतं तसंच.

दुसरी चूक, 'गॅस झालाय' म्हणून दुकानातून गोळी आणत राहणं. कंबर दुखते म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी, तिनं पोट जळतं म्हणून वर आम्लपित्ताची गोळी, असं वर्षभर चालतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन या गोळ्यांनी जठराला जखम होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. सोड्याची पावडर रोज घेतली तर अंगात मीठ जातं, रक्तदाब असलेल्यांना ते बाधतं. आणि छातीतली प्रत्येक जळजळ पोटाची नसते. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, धाप लागली तर गोळी चघळत बसू नका, १०८ ला फोन करा.

फवारणीच्या दिवसांतला मुरडा

हे माझ्या खात्याचं काम, म्हणून वेगळं सांगतो. फवारणी करताना किंवा केल्यावर काही तासांत पोटात मुरडा, मळमळ, उलटी, जुलाब, तोंडाला लाळ, खूप घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, नजर अंधुक झाली तर ते पित्तही नाही आणि काळजीही नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांची विषबाधा अशीच सुरू होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले, ते आपण विसरू नये. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. घरी उलटी करवू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

१. शौचातून रक्त पडणं किंवा डांबरासारखी काळी शौच होणं.
२. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं.
३. न ठरवता वजन उतरणं, भूक मरणं.
४. घास गिळताना अडकणं.
५. दुखण्यानं किंवा जुलाबानं झोपेतून जाग येणं, सोबत ताप येणं.
६. रक्त कमी होऊन थकवा, धाप लागणं.
७. पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर पहिल्यांदाच पोटाची तक्रार सुरू होणं. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं.

यातलं एकही असलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून सांगतील तिकडं जायचं. पेरणी चार दिवस पुढं ढकलता येते.

कामगंध सापळ्यासारखी वही

तपासणी झाली, मोठं काही नाही असं कळलं, तरी पोट तर दुखतंयच. मग पुढं काय? इथं आपलंच शास्त्र कामाला येतं. एकात्मिक कीड व्यवस्थापनात आपण कीड शंभर टक्के संपवायला निघत नाही. ती नुकसानीच्या पातळीखाली ठेवतो. आधी निरीक्षण, मग मशागत, मग सापळे, आणि फवारणी शेवटी. पोटाचंही तसंच करायचं.

पहिलं निरीक्षण. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडले ते मोजतो, तशी पंधरा दिवस पोटाची वही ठेवा. चारच रकाने: काय खाल्लं व किती वाजता, पोट कसं होतं, झोप किती झाली, त्या दिवशी मनावर काय होतं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. माझ्या वहीत दिसलं की पोट बिघडलेल्या बहुतेक दिवशी सकाळचे तीन चहा रिकाम्या पोटी झालेले होते आणि आदल्या रात्रीची झोप पाच तासांच्या आत होती. बैठक हे एकटंच कारण नव्हतं. काकांच्या वहीत वेगळंच निघालं. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायची पाळी असली की ते साडेअकराला जेवून लगेच आडवे व्हायचे, आणि पहाटे जळजळ ठरलेली.

मशागत: खाणं आणि वेळा

पाऊस, भाव आणि लाइटीची वेळ आपल्या हातात नाही. जेवणाची वेळ थोडीफार आपल्या हातात आहे. आतड्याला वेळेची सवय आवडते.

रात्रीची पाळी असेल तर आधीच सातला जेवून जा. परत आल्यावर भूक लागली तर थोडा मऊ भात. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास अंतर हवं. जळजळ घशाशी येत असेल तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू अर्धा फूट उंच करा, डाव्या कुशीवर झोपा. उशीवर उशी ठेवून उपयोग होत नाही, पोट उलट दुमडतं.

तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू या पोटाच्या उघड शत्रू आहेत. 'पोट साफ होण्यासाठी तंबाखू' हा हिशेब फार महाग पडतो. चहा सोडा म्हणत नाही, पण आधी दोन घास खा आणि दिवसाचे कप मोजा.

डाळी, हरभरा, कांदा, लसूण, गहू यांतले काही घटक आतड्यात आंबतात आणि नाजूक पोटाला गॅस धरतो. म्हणून हे सगळं आयुष्यभर बंद करायचं नाही. एकेक गोष्ट चार आठवडे कमी करून पाहा. फरक पडला नाही तर परत सुरू करा. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं याच धर्तीवर एक आहारपद्धत तयार केली. तिच्यातही काही आठवडे बंद आणि मग एकेक पदार्थ परत, असाच क्रम आहे. ज्वारीची भाकरी, भात, चांगली शिजलेली मुगाची पातळ डाळ पुष्कळांना सोसते. दूध बाधत असेल तर ताक किंवा दही सोसतं का बघा. ठेचा ज्याला आवडतो त्याला तो सोडवत नाही हे मला माहीत आहे. निदान पोट बिघडलेल्या आठवड्यात त्याला सुट्टी द्या.

बद्धकोष्ठतेला इसबगोल चांगलं, पण त्यावर भरपूर पाणी प्यायला हवं, आणि थोड्यापासून सुरू करायचं. कोंडा खाल्ल्यानं काहींचा गॅस उलट वाढतो.

बायाबापड्यांचं दुखणं आणखी वेगळं. रानात आडोसा नाही म्हणून खुरपणीला जाणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, शौचाला लागली तरी अंधार पडेपर्यंत दाबून ठेवतात. आतड्याला रोज थांब म्हटलं की ते बोलायचंच सोडून देतं. मग बद्धकोष्ठता, मूळव्याध, पोटदुखी. ही सवय घरच्या पुरुषांनी मदत केली तरच सुटेल.

मनाची मशागत

सकाळी बैठकीला निघण्याआधी मी अजूनही करतो ते सांगतो. पाठ टेकून बसायचं, एक हात पोटावर. चार आकडे मोजत नाकानं श्वास आत घ्यायचा, पोट वर यायला हवं. सहा आकडे मोजत हळू सोडायचा. पाच-दहा मिनिटं. लांब सोडलेल्या श्वासानं ती व्हेगस नस शांतपणाचा निरोप पोहोचवते. पहिल्या दिवशी काही वाटणार नाही. महिनाभर रोज करा, दुखत नसतानाही.

दुसरं, काळजीचे दोन ढीग करा. एक, ज्यावर आज काही करता येतं: सोसायटीच्या सचिवांना भेटून हप्त्याची तारीख विचारणं, विम्याचा अर्ज नीट भरणं. दुसरा, ज्यावर आज काहीच करता येत नाही: पुढच्या महिन्यातला पाऊस. पहिल्या ढिगातलं एक काम उरकलं की रात्र थोडी हलकी जाते. कर्ज त्यानं फिटत नाही, हे मलाही कळतं. पण कर्जाच्या रकमेपेक्षा ती नक्की किती हे माहीत नसणं माणसाला जास्त जाळतं.

तिसरं, घरात राहू नका. पोटाच्या भीतीनं माणूस आधी यष्टी सोडतो, मग लग्नं, मग पार. जेवढं टाळावं तेवढी भीती वाढते. जवळच्या गावापासून सुरुवात करा, पिशवीत पाण्याची बाटली आणि जादा कपडे ठेवा, सोबत एखाद्याला खरं कारण सांगून ठेवा. निम्मी भीती तिथंच जाते.

गोळी दिली म्हणजे वेडा नव्हे

एवढं करूनही भागलं नाही तर डॉक्टर कधीकधी नैराश्यावरची गोळी अगदी कमी मात्रेत देतात. चिठ्ठी वाचून औषध दुकानदार कुजबुजतो आणि माणूस गोळी फेकून देतो. असं करू नका. ही गोळी आतडं आणि मेंदू यांच्यातल्या तारांची आरडाओरड कमी करते. अॅमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाच्या अशा छोट्या मात्रेची इंग्लंडमध्ये आयबीएसच्या रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. नुसत्या दिखाव्याच्या गोळीपेक्षा तिनं जास्त आराम पडला. मात्र ही गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही आणि सोडायचीही नाही. समुपदेशनानंही या दुखण्यात फायदा होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आणि काका म्हणाले तसं 'पुरे झालं' वाटायला लागलं, तर ते पोटात ठेवायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोनलाही फोन उचलतात. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर भेटतात. घरच्यांसाठी एकच सांगणं: असं वाक्य कानावर आलं तर हसण्यावारी नेऊ नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि फवारणीचं औषध घरात, माळ्यावर, खाटेखाली ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. लेकरांसाठी म्हणून आम्ही हे शेतीशाळेत नेहमी सांगतो. मोठ्यांसाठीही ते तितकंच खरं आहे.

गावकारभाऱ्यांना चार शब्द

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांच्याकडून फार पैसा लागत नाही अशा तीन गोष्टी होऊ शकतात. ग्रामपंचायतीचं शौचालय ग्रामसभेच्या दिवशी कुलपात नको, आणि आत पाणी हवं. आठवडी बाजारालाही तसंच. ज्याचं पोट नाजूक आहे तो माणूस तेवढ्यासाठी सभेला येत नाही. दुसरं, पंचनामा, अनुदान, वसुली यांची तारीख आणि लागणारे कागद आधी सांगा, फळ्यावर लिहा. 'उद्या बघू' हे दोन शब्द कित्येकांच्या पोटात रात्रभर फिरतात. तिसरं, आशाताई आणि उपकेंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना एखाद्या बैठकीत या विषयावर दहा मिनिटं बोलायला लावा. पोटाबद्दल चारचौघांत बोलता आलं की लाज जाते.

घरच्यांनी 'नाटकं करतो', 'तुमचं रोजचंच' हे शब्द बंद करावेत. सारखं 'आता कसंय, आता कसंय' असंही विचारू नये. दिवसातून एकदा विचारा, उत्तर ऐकून घ्या आणि ताटात काय वाढायचं ते त्याला ठरवू द्या.

काकांचं पुढं काय झालं

त्या दिवशी आम्ही बांधावर बसून तासभर बोललो. त्यांच्या मुलाला बोलावलं. मोटार आणि व्होल्टेजचं उदाहरण त्याला लगेच पटलं. मोटारी भरायचं काम तो स्वतःच करतो. दुसऱ्या दिवशी बापलेक दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट पाहिले, कंबरेची गोळी बंद केली, जळजळीची गोळी किती दिवस आणि जेवणाआधी अर्धा तास कशी घ्यायची ते सांगितलं, आणि समुपदेशकाकडे पाठवलं.

दुखणं मुळासकट गेलं असं मी लिहिणार नाही. सोयाबीन काढणीच्या वेळी भाव पडला तेव्हा आठवडाभर पोट परत बिघडलंच. पण या वेळी त्यांनी ते बायकोला सांगितलं, वही उघडली, पाळीच्या आधी जेवले. रात्री उठून बसणं कमी झालं आहे. पुतण्याच्या लग्नाला यष्टीनं गेले, दारापाशी बसले, पण गेले.

परवा गेलो तेव्हा बैल दावणीला निवांत रवंथ करत होता. काका म्हणाले, "साहेब, त्याचं रोज बघतो. आता माझंबी बघतो."

बंधूंनो, आज जनावरांना वैरण टाकताना स्वतःलाही एकदा विचारा: पोट कसंय, झोप कशीय? उत्तर बरं नसेल तर संध्याकाळपर्यंत घरातल्या एकाला तरी सांगा.